तोंड मिटायला सांगणारे डॉक्टर

शहापूरच्या बाजारपेठेत दातांचे एक डॉक्टर होते. त्यांना घाबरत नाही असा माणूस मला तेव्हा भेटला नव्हता, आणि ते स्वतः कशाला घाबरत नाहीत हेही मला शेवटपर्यंत कळलं नाही.

खाली भांड्यांचं दुकान आणि वर त्यांचा दवाखाना. जिना चढून गेलं की गॅलरीत एक लाकडी बाक होता. पेशंटला ते थेट खुर्चीवर घ्यायचे नाहीत. आधी बाकावर बसवायचे, स्वतः शेजारी बसायचे आणि दोघांनी खालच्या रस्त्याकडे बघत बोलायचं. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, झोप लागते का, घरात कोणाकोणाशी पटत नाही, सगळं तिथंच. एकदा खुर्चीवर बसवलं की मात्र डॉक्टर मुके. "तोंड उघडं असलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये," ते म्हणायचे. "त्याला उत्तर देता येत नाही. पोलीससुद्धा असं करत नाहीत."

दुपारी ते समोरच्या हॉटेलात चहा घेऊन बसत. चहा निवून जायचा. ते लोकांना खाताना बघत असायचे. एकदा किन्हवलीकडचा एक गडी बायकोला घेऊन भजी खायला बसला होता. डॉक्टरांची नजर काही तिच्या तोंडावरून हटेना. गडी उठलाच.

"काय रं, माझी बायको बगतो व्हय?"

"बायको नाही हो, जबडा. डाव्या बाजूनं चावतच नाहीत त्या. दुखतं ना, बाई?"

गड्याचा हात वर गेला होता. बाई भजं तसंच धरून म्हणाली, "आवं, थांबा. खरंच दुकतंय माजं."

हॉटेलभर हशा झाला. नंतर ती बाई बाकावर बसलेली मी पाहिली. नवरा जिन्यात उभा होता, पहारा दिल्यासारखा.

पेशंटच्या चपलाही ते उलट्या करून बघत. टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे त्यावरून माणूस कसा उभा राहतो, मान कुठे टाकतो, जबड्यावर भार कसा येतो, याचा त्यांचा काहीतरी हिशेब असे. लोक चेष्टा करत, "दात दाखवाय गेलो नि चपला दाखवून आलो." त्यांचं म्हणणं खरं होतं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या चपला मात्र त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवल्या होत्या.

दात कोरायचं मशीन सुरू करण्याआधी ते स्वतःच्या कानात कापूस घालायचे. भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवरच्या पेशंटला तसंच सोडून गॅलरीत जायचे, आणि कोणीतरी ती हाकलली की परत यायचे. वीज कडाडायला लागली की त्या दिवसापुरता दवाखाना बंद. या सगळ्याची त्यांना लाज नव्हती. "मी भितो म्हणून माझा हात हळू आहे," असं सरळ सांगायचे. आणि पेशंटच्या तोंडात जे घालायचं, तशीच दुसरी वस्तू आधी स्वतःच्या तोंडात घालून दाखवायची, हा त्यांचा नियम होता. लहान मूल आलं तर आधी स्वतः खुर्चीवर आडवे व्हायचे, आ करायचे, आणि मुलाच्या हातात बॅटरी देऊन आपले दात मोजायला लावायचे.

एक शब्द मात्र त्यांच्याकडे चालत नसे. दातखीळ. कोणी म्हणालं की ते दाराकडे बोट करत, "तो शब्द चपलांजवळ ठेवून या." गंमतीनं म्हणतात असं सगळ्यांना वाटायचं. मला नाही वाटलं.

मी तेव्हा शहापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. गाड्यांची नोंद ठेवायची आणि लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारायच्या. जबडा बरेच दिवस कुरकुरत होता. कानापुढे दुखायचं, जेवताना कट् कट् वाजायचं, सकाळी उठलं की कानशिलं जड. एका दुपारी भातसानगरची गाडी लागली. मी माईक ओढला. 'भा' म्हणायला तोंड चांगलं उघडावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. उजव्या कानाशी काहीतरी अडकलं आणि माझा 'भा' निघालाच नाही. सगळ्या स्टँडवर नुसती 'भ्' अशी हवा गेली. दोनचार पोरं हसली. मी पुन्हा प्रयत्न केला. एक बोट जेमतेम जाईल एवढंच तोंड उघडत होतं.

कंडक्टर खिडकीशी आला. "काय झालं, साहेब?"

मी दातांतूनच काहीतरी बोललो. तो मागे सरकला. "अरे, साहेबांची दातखीळ बसली!"

मग काय सांगावं! कोणी म्हणे कांदा आणा, कोणी नाकाला चप्पल लावली. एक म्हातारा म्हणाला, "डॉक्टर-बिक्टर नाय चालायचा हितं, भायेरचं हाय. भगताकडं न्या." मला ते सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण हातपाय गार पडले होते. निरोप गेला तशी बायको धावत आली. तिनं कोणाकडे बघितलं नाही. खाली बसून माझे बूट काढले आणि दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघायला लागली.

"पायात काय गेलं का तुमच्या? खिळा? काटा? बोला ना! नुसते काय बघताय?"

सरकारी दवाखान्यात इंजेक्शन दिलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा धनुर्वात नाही, जबड्याच्या सांध्याचं दुखणं आहे. माझा विश्वास बसला नाही.

विश्वास न बसण्याचं कारण माझा दादा. आमचं गाव तानशाच्या बाजूला. भातकापणी झाली की शेतात कापलेल्या ताटांचे टोकदार खुंट राहतात. पळताना तसला एक खुंट दादाच्या टाचेत घुसला. आईनं हळद भरली, चिंधी बांधली. तो पुन्हा उड्या मारायला लागला आणि जखमेकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. मग एका सकाळी तो भाकरी खाईना. आदल्या दिवशी जत्रेला जाऊ दिलं नव्हतं, म्हणून आईला वाटलं, रुसलाय. ती म्हणाली, "नको खाऊ जा. कुत्र्याला घालते तुझी भाकर." त्याचं तोंड उघडत नव्हतं, आणि उघडत नाही हे सांगायलाही तोंड उघडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याची पाठ धनुष्यासारखी ताठली. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

त्यानंतर आई रोज सकाळी मला दारात उजेडाला उभं करायची. "आ कर." मी आ करायचो. "अजून." पडजीभ दिसल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. मग म्हणायची, "बस," आणि मी शाळेत जायचो. आई गेली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. आता बघणारं कोणी नव्हतं, म्हणून मीच बघायला लागलो. तीन बोटं उभी धरून तोंडात घालायची, गेली की जीव खाली पडायचा. सकाळी, झोपताना, स्टँडच्या मुतारीत, गाडी पुकारण्याआधी. दादाचं तोंड मिटलं आणि माझं उघडत राहिलं, याची मला लाज वाटायची. सणाला गोडधोड खाताना तर फार वाटायची. आणि तरीही ते उघडतंय ना, हे बघितल्याशिवाय राहवत नसे.

हे मी कोणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही.

शेवटी बाजारपेठेतला जिना चढलो. डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं. खाली कोथिंबीरवाली ओरडत होती. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, मी दातांतून उत्तरं दिली. मध्येच ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "ती बोटं खाली ठेवा."

"कुठली?"

"आत्ता माप घ्यायला निघालेली."

माझी बोटं ओठांपर्यंत आली होती. मला कळलंही नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. दादा, भाकरी, आई, मुतारी. दातांतून बोलत असल्यामुळे अर्धं त्यांना कळलं नसेल. मला वाटलं, आता उठतील आणि मला चपलांजवळ जायला सांगतील.

"तुमच्या घराच्या दाराला बिजागरी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"दार उघडतंय का, हे बघायला तुम्ही ते रोज दहादा भिंतीवर आपटलंत, तर काय होईल?"

मी कानापुढचा सांधा चाचपला.

"तेच झालंय. रोग नाही हा. तुम्ही बघून बघून मोडलंय ते."

उघडेल तेवढ्या तोंडातून त्यांनी कसाबसा माझ्या दातांचा साचा घेतला आणि रात्री दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी करून दिली, म्हणजे झोपेत दात आवळले तरी सांध्यावर ताण येणार नाही. द्यायच्या दिवशी स्वतःची तशीच पट्टी खिशातून काढून त्यांनी आधी घातली. मग मी माझी घातली. बाकावर आम्ही दोघं पट्ट्या घालून बसलो होतो आणि ते बोबडं बोलत मला ताकीद देत होते: मऊ भात खायचा, जांभळे पडेपर्यंत ओठ दाबायचे नाहीत, आणि मुख्य म्हणजे तोंड उघडून बघायचं नाही. एकदाही नाही. मी मान हलवली. जिन्याच्या अर्ध्यात, भिंतीकडे तोंड करून, मी बोटं लावून बघितलंच.

वरून आवाज आला, "दिसलं."

मी सुधारलो नाही. कमी केलं असं त्यांना सांगायचो. पट्टीनं दुखणं थोडं उतरलं, तोंड बोटभराचं दीड बोट झालं, आणि हे दीड बोट झालं हे मला माहीत होतं, यातच सगळं आलं.

मग एका शनिवारी मी मुलीला बरोबर घेऊन गेलो. बायको माहेरी गेली होती, मुलीला घरी एकटं ठेवता येत नव्हतं. ती प्राथमिक शाळेत होती. डॉक्टर तिला म्हणाले, "मॅडम, बसता का आमच्या खुर्चीवर? आधी मी बसून दाखवू?"

"नको, मला येतं," ती म्हणाली आणि चढून बसली.

डॉक्टरांनी दिवाही लावला नव्हता. तिनं डोळे मिटले, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. पूर्ण. पाखराचं पिल्लू उघडतं तसं, पडजिभेपर्यंत. उघडता उघडता तिच्या कानाशी कट् असा आवाज झाला. बारीक होता, पण आम्हा दोघांना ऐकू आला.

"मिट, बाळ," डॉक्टर म्हणाले.

तिनं मिटलं नाही.

"तोंड मिट. झालं."

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. आमच्या घरी मी "बस" म्हटल्याशिवाय ती मिटत नसे. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "बस." तिनं मिटलं.

डॉक्टर स्टुलावर बसले. खुर्चीवर पेशंट असताना ते बोलले, तेवढं मी एकदाच ऐकलं.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"शाळेत जायच्या आधी फक्त. काळजी म्हणून..."

"काळजी? माप घेताय तुम्ही पोरीचं. तुमच्या सांध्याला वाजायला किती वर्षं लागली? हिचा आत्ताच वाजतोय."

मी तिला खाली उतरवलं आणि गॅलरीत कोथिंबीरवाली बघायला पाठवलं. आजवर मला माझ्या तोंडाची भीती होती. त्या दिवसापासून माझ्या हातांची वाटायला लागली. मी विचारलं, "डॉक्टर, एखाद्या सकाळी मी बघितलं नाही, आणि नेमकं त्याच सकाळी..."

दुसऱ्या कोणीही मला धीर दिला असता. ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. मीही भितो असल्या विचाराला. तिला धनुर्वाताची इंजेक्शनं दिलीत?"

"सगळी."

"मग आपल्या हातातलं झालं. पुढचं बघून टळत नाही."

त्यांनीच मग मुरबाडचं काढलं. मुरबाडच्या अलीकडे एका वाडीत परदेशात शिकून आलेला त्यांचा एक मित्र दर रविवारी यायचा. मान आणि मणके हातांनी दाबून जागेवर आणायचं काम करायचा. आमच्याकडे तेव्हा कायरोप्रॅक्टर हा शब्द कोणाच्या तोंडी बसत नव्हता. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ट्रॅक्टरवाल्याकडं मान दाखवाय चाललात? डोकं पण ठेवून या मग तिथंच." आणि नंतर, भांडी लावता लावता, हळूच, "पोरीला हात नाय लावून द्यायचा त्याला. सांगून ठेवते."

रविवारी डॉक्टर, मी आणि मुलगी एसटीनं गेलो. चिकूची रोपं लावलेली वाडी, कौलारू खोली, आत चामड्याचं एक अरुंद टेबल, तोंडासाठी भोक असलेलं. ते भोक बघून मी दारातच थांबलो. मान मुरगाळणं म्हटलं की मला कोंबडी आठवते, दुसरं काही नाही.

"आधी मी," डॉक्टर म्हणाले आणि शर्टाची वरची बटणं काढून आडवे झाले.

मी त्यांचा चेहरा बघितला. कपाळावर घाम होता. टेबलाच्या कडा त्यांनी अशा धरल्या होत्या की बोटांची पेरं पांढरी पडली. मित्रानं त्यांचं डोकं दोन्ही हातांत घेतलं, हळूहळू वळवलं आणि एक झटका दिला. कडकन आवाज झाला. मुलगी माझ्या पाठीमागे लपली.

"जिवंत आहे ना मी?" डॉक्टरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"दर वेळी हेच विचारतो," मित्र मला म्हणाला. "वर्षानुवर्षं येतोय, एकदाही भीती कमी झाली नाही याची. तरी पेशंट आणला की आधी स्वतः झोपतो."

माझी पाळी आली. डॉक्टर माझ्या पायांशी बसले. मित्रानं माझं डोकं हातांत घेतलं. "सोडा," तो म्हणाला. "डोकं माझ्या हातांत सोडा. तुमचंच आहे, घेऊन नाही पळत." मला सोडता येत नव्हतं. सोडलं की ते परत मिळेल याची खात्री नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. मग मी दमलो, आणि दमल्यावर मान आपोआप सैल पडली, आणि त्याच क्षणी त्यानं झटका दिला. मी मेलो असं मला खरोखर वाटलं. नंतर हातमोजा घातलेल्या अंगठ्यानं त्यानं गालाच्या आतला एक स्नायू दाबून धरला. डोळ्यांतून पाणी आलं. ठणकता ठणकता तो स्नायू मेणासारखा मऊ होत गेला. कानापुढे एवढी शांतता मी फार वर्षांत अनुभवली नव्हती.

माझा हात वर गेला. डॉक्टरांनी मनगट पकडलं.

"नाही."

"किती उघडलं तेवढंच..."

"नाही म्हणजे नाही."

एका खेपेत सगळं बरं झालं नाही. पट्टी, मान आणि मऊ भात यांत बरेच महिने गेले. पण त्या दिवशी तोंड किती उघडलं होतं, ते मला माहीत नाही. माहीत नसलेली ती पहिली गोष्ट.

मित्रानं मुलीला फक्त चालायला लावलं, उभं केलं, मागून खांदे बघितले. बायकोनं सांगितल्याप्रमाणे मी मध्ये पडायला तयारच होतो. त्यानं तिला हातही लावला नाही. "हिला काही नको," तो डॉक्टरांना म्हणाला. "पोरीचा सांधा आहे, त्याला त्रास दिला नाही तर आपला आपण बसेल. हिच्या बापाला आवरा."

परतीच्या गाडीत तिघांच्या बाकावर जागा मिळाली. मुलगी खिडकीशी, डॉक्टर मध्ये, मी कडेला. ते मध्ये मुद्दाम बसले होते हे मला तेव्हा कळलं नाही. सरळगाव मागे पडलं. ऊन तिरपं झालं होतं. मुलगी दमली होती, तिचं डोकं खिडकीवर टेकत होतं आणि धक्क्यासरशी उडत होतं. किन्हवली सोडल्यावर तिनं जांभई द्यायला सुरुवात केली. लहान मुलं देतात तशी, सगळा चेहरा घालून दिलेली.

मी डॉक्टरांच्या अंगावरून पुढे वाकलो.

माझ्या नाकासमोर वर्तमानपत्र आलं. डॉक्टरांनी ते पूर्ण उघडून माझ्यापुढे धरलं होतं.

"वाचा."

"डॉक्टर, एकदाच. ती आपणहून करतेय, मी सांगितलं नाही..."

"वाचा म्हणतो ना."

स्थळांच्या जाहिरातींचं पान होतं. वधू पाहिजे, गृहकृत्यदक्ष. त्यांनाही बघायचं होतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. ती माझ्याकडे ताठ वळवून ठेवलेली होती, तिच्याकडे जाऊ नये म्हणून. मी अक्षरांवर डोळे ठेवले आणि सगळे कान तिच्याकडे लावले. त्या बारीक कट् आवाजासाठी. पण गाडी जुनी होती, आणि सगळ्या खिडक्यांच्या काचा इतक्या खडखडत होत्या की दुसरं काही ऐकूच आलं नाही.